तारेपासून शेवटच्या रांगेपर्यंत: लाइव्ह साउंडमध्ये बेस गिटार

६ जानेवारी २०२४

मागच्या कार्यक्रमाचं शेवटच्या रांगेतून केलेलं रेकॉर्डिंग आज तीनदा ऐकलं. बेस आहे, भरपूर आहे, पण सूर नाहीत. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात मी सहा सुरांची एक उतरण घेतो. रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसती घरघर आहे. घरी हेडफोनवर त्याच उतरणीतला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

म्हणून हे काम हाती घेतोय. उद्दिष्ट एकच: हॉलमध्ये कुठेही बसलेल्या माणसाला बेसचा सूर कोणता, ते कळलं पाहिजे. जाड, गोड, दमदार वगैरे त्यानंतर बघू.

सामान: चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरीचा प्रीॲम्प नसलेला) बेस, पाच मीटरची वायर, पंधरा इंची स्पीकरचा ॲम्प, एक डिजिटल इफेक्ट पेडल. हॉलमध्ये बारा इंची दोन टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर), अठरा इंची दोन सब (फक्त खालच्या आवाजाचे स्पीकर), डिजिटल मिक्सर. टॉप आणि सबमधला क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज दोघांत वाटला जातो ती वारंवारता, ९० हर्ट्झवर.

११ जानेवारी

मोजायचं कसं, इथेच अडलो होतो. मी वाजवत असताना मला हॉलमध्ये फिरता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातात बेस दिला की हात बदलतो. शेवटी लूपरवर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा-पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) एक पट्टी रेकॉर्ड केली: खुल्या ई तारेपासून जी तारेच्या बाराव्या फ्रेटपर्यंत सगळे २८ सूर, प्रत्येक दोन सेकंद, शक्य तितक्या सारख्या जोराने. ही पट्टी साउंडवर लावायची आणि कागद-पेन्सिल घेऊन हॉल पालथा घालायचा.

हॉल १५ मीटर लांब, ७ मीटर रुंद. स्टेज आखूड भिंतीला. कागदावर मीटर-मीटरच्या चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत उभं राहून कुठला सूर फुगतो आणि कुठला नाहीसा होतो, एवढंच लिहायचं.

दोन तास लागले. निकाल धक्कादायक होता. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर मधल्या रांगेत छातीवर आदळतो, तिथून डावीकडे दोन पावलं सरकलं की तो जवळजवळ संपतो. पट्टी तीच, मिक्सरवरचा आवाजाचा फेडर तोच. म्हणजे मिक्सरपाशी उभं राहून जो काही ईक्यू (वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करणं) आपण लावतो, तो मिक्सरच्या जागेपुरता खरा.

१४ जानेवारी

हॉलकडे वळण्याआधी वायरीकडे. आजवर मी बऱ्याच ठिकाणी बेसची जॅक थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसत आलोय. त्या इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, साधारण १० किलोओहम असतो. पॅसिव्ह पिकअपला (तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबकाला) समोर एवढा कमी इम्पिडन्स दिसला की त्याचा वरचा आवाज मरतो, आणि मग आपण मिक्सरवर ट्रेबल वाढवत बसतो. जे पिकअपमधून बाहेरच आलं नाही, ते वाढवून मिळत नाही. फक्त खरखर वाढते.

आज तीन प्रकारे जोडून ऐकलं. थेट लाइनमध्ये: बोथट. पॅसिव्ह डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारी डबी): बरंच उघडलं. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर साधारण १२ला १ असतं, इम्पिडन्स त्याच्या वर्गाने बदलतो, म्हणजे १४४ पट. मिक्सरचा माइक इनपुट एक-दीड किलोओहमचा असेल तर पिकअपला दीडशे-दोनशे किलोओहम दिसतात. ॲक्टिव्ह डीआयमधून, जो मिक्सरकडून वायरीतून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या ‘फँटम’ विजेवर चालतो: इनपुट एक मेगाओहम, आणि बोट तारेवरून सुटतानाचा बारीक आवाजही आला. माझ्या पॅसिव्ह बेससाठी ॲक्टिव्ह डीआय. ज्यांच्या बेसमध्येच बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प आहे त्यांना पॅसिव्ह डीआय पुरतो.

स्पीकरमधला हम, म्हणजे सततची गुणगुण, तीही गेली. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या प्लगवर होते, अर्थिंगचं वर्तुळ तयार होत होतं. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबताच शांत. एक गोष्ट कळकळीने लिहितोय, कारण मी स्वतः हे होताना पाहिलंय: हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडू नका, तिच्यावर टेपही लावू नका. एका हातात बेसच्या तारा आणि ओठाला माइक असताना ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर ती पिनच जीव वाचवते. ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त सिग्नलच्या वायरीची जाळी सोडवतं. दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

१९ जानेवारी

आज जीचा छडा लागला. इतका आनंद झाला की रात्री परत जाऊन एकदा ऐकून आलो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट आपटत राहते आणि काही ठरावीक वारंवारतांना ती जागच्या जागी उभी राहते. पहिली वारंवारता काढायची तर आवाजाच्या वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं: ३४३ भागिले १४, म्हणजे २४.५ हर्ट्झ. तिची दुप्पट ४९. आणि तिसऱ्या फ्रेटवरचा जी बरोबर ४९ हर्ट्झ! या उभ्या लाटेचा दाब दोन्ही भिंतींशी आणि मधोमध सगळ्यात जास्त, तर रुंदीच्या पाव भागावर, म्हणजे भिंतीपासून १.७५ मीटरवर, जवळपास शून्य. माझ्या कागदावर नेमक्या त्याच दोन रेषांवर ‘जी गायब’ लिहिलेलं आहे. गणित आणि कान एकाच जागी येऊन भेटले.

पहिला उपाय सुचला तो ईक्यूवर ४९ कापायचा. केला. मधली रांग सुधारली, पण पाव भागावरच्या रांगांत आधीच नसलेला जी अजून कमी झाला. उलट ४९ वाढवला तर मधल्या लोकांचे हाल. जागेचा दोष ईक्यूने निघत नाही.

मग सबकडे पाहिलं. ते स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत भिंतींना टेकून ठेवलेले होते, कारण तिथे ‘दणका जास्त मिळतो’. मिळतोच, कारण कोपरा प्रत्येक उभ्या लाटेला सगळ्यात जोराने ढकलतो. झोका नेमक्या क्षणी ढकलावा तसं. तर सब तिथून उचलून पाव भागावर, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून १.७५ मीटरवर आणले, जिथे ४९ची लाट ढकललीच जात नाही. शिवाय डावा आणि उजवा सब मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर असल्याने २४.५चीही उठत नाही.

पुन्हा पट्टी लावली, पुन्हा चाललो. जी आता मधे आणि बाजूला जवळजवळ सारखा! एकूण दणका कमी झाला, म्हणून सब ३ डीबी (डेसिबल) वर घेतले. साउंड बघणारे दादा आधी नाखूश होते, “कोपऱ्यातून काढलेस तर पोट जाईल रे आवाजाचं.” पट्टी संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग स्वतःच टेप आणून जमिनीवर सबच्या जागा आखून ठेवल्या.

लांबीच्या दिशेच्या लाटा मात्र तशाच आहेत. १५ मीटरला पाचवी वारंवारता ५७ हर्ट्झच्या आसपास पडते, त्यामुळे ए शार्प, म्हणजे ५८ हर्ट्झ, मागच्या भिंतीशी फुगतो. त्याचं पुढे बघू.

२० जानेवारी

नवीन तारा लावल्या. जुन्या आठ महिन्यांच्या होत्या. इतके दिवस मिक्सरवर ३ किलोहर्ट्झपाशी जे शोधत होतो, ते इथे होतं.

२७ जानेवारी

आजचा दिवस ईक्यूचा. दोन प्रयोग केले.

पहिला: लूपरच्या पट्टीवर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत्या फिल्टरने कापलं आणि ती एका छोट्या स्पीकरवर लावून गायिकेला सूर ओळखायला सांगितले. खुल्या ईची मूळ वारंवारता ४१ हर्ट्झ. ती तर सोडाच, तिची दुप्पट ८२सुद्धा जवळपास उरली नव्हती. तरी तिने एकूण एक सूर बरोबर ओळखले, सप्तकासकट. कान वरच्या स्वरकांमधलं (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या सुरांमधलं) अंतर पकडतो आणि खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. शिवाय बऱ्याच बेसमध्ये खालच्या ईचा दुसरा स्वरक पिकअपमधून मूळ सुरापेक्षा जास्त जोराने येतो. म्हणजे सूर कळायला जे लागतं, ते माझ्या समजुतीपेक्षा खूप वर आहे.

दुसरा: घरी बनवलेला माझा लाडका आवाज, बेस वर, मिड खाली, हॉलमध्ये हळू ते मोठा असा लावला. हळू असताना उत्तम. कार्यक्रमाच्या पातळीवर चिखल. कमी आवाजाला कान खालच्या वारंवारता कमी ऐकतो, मोठ्या आवाजाला तो फरक कमी होत जातो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून दाखवलं होतं. घरी जे मी कानाची भरपाई म्हणून वाढवलं, ते हॉलमध्ये नुसतं ओझं झालं.

म्हणून घरचा आवाज पुसून शून्यापासून सुरुवात. नियम ठेवला: सोलो बटण (एकटंच वाद्य ऐकवणारं) दाबायचं नाही, पूर्ण बँड वाजत असतानाच नॉब फिरवायचा. ३५ हर्ट्झला लो-कट, म्हणजे त्याखालचं सगळं कापणं, कारण तिथे माझ्या बेसमध्ये सूर नाहीत, फक्त तळव्याचे धक्के आणि तारेवर बोट आपटल्याचे हादरे असतात आणि सबची ताकद त्यांतच जाते. २५० हर्ट्झपाशी ३ डीबी कमी, तिथे गिटार, कीबोर्ड आणि पुरुषाचा आवाज आधीच गर्दी करून बसलेत. ८०० हर्ट्झपाशी ३ डीबी जास्त. सोलो ऐकलं तर हा आवाज नाकातला वाटतो. मला स्वतःला अजून आवडत नाही. पण गाण्यात ठेवला की उतरणीतले सहाही सूर पायऱ्यांसारखे दिसतात.

३ फेब्रुवारी

किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. ड्रमर म्हणाला, “तू खालचा ए धरलास की माझी किक जाते कुठे? मी जोरात मारतोय आणि समोर काहीच पोचत नाही.” त्याची किक ६० हर्ट्झच्या आसपास बोलते आणि माझा ए ५५वर आहे. दोघं एकाच दारातून शिरायला बघतोय.

जागा वाटून घेतली. तळ किकचा: बेसला ६०वर २ डीबी कमी. बेसचं अंग १०० हर्ट्झच्या आसपास: तिथे किकला ३ डीबी कमी. किकच्या टोल्याची टकटक ३ किलोहर्ट्झवर, माझी बोटं ८०० ते १०००च्या घरात. ही वाटणी उलटही करता येते, किक १००वर आणि बेस खाली. पण आमची गाणी जलद आहेत, लांब सूर कमी आहेत, म्हणून तळ त्याला दिला.

खरं काम मात्र वाजवण्यात झालं. मी किकच्या ठोक्यावर सूर सुरू करतो, पण स्नेअरच्या (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) ठोक्यापर्यंत लांबवत होतो. आज प्रत्येक सूर स्नेअरच्या आधी डाव्या हाताने तोडायला सुरुवात केली. ब्रिजपाशी तारांखाली फोमचा पातळ तुकडाही सरकवून पाहिला. बेसवादक जेम्स जेमरसनच्या बेसवर असा फोम असायचा, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेष्टणाच्या) तारांसोबत. दोन गाण्यांना ते इतकं शोभलं की तिथे फोम कायमचा ठेवणार आहे.

१० फेब्रुवारी

आज एक संबंध संध्याकाळ एका भोकामागे गेली.

डीआय सरळ बेसमधून घेतला होता आणि जोडीला ॲम्पसमोर माइक लावला. कल्पना अशी की डीआयमधून तळ आणि स्वच्छता, माइकमधून स्पीकरची ऊब. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही छान. एकत्र केले की आवाज पोकळ! जणू कुणी मधला भाग कुरतडून नेला.

माइक स्पीकरच्या जाळीपासून चार बोटांवर, अंतरामुळे होणारा उशीर नगण्य. पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबलं, पोकळी दुसरीकडे सरकली. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ॲम्पच्या वाटेत डिजिटल पेडल आहे आणि ते सिग्नलचे आकडे करून परत सिग्नल बनवायला वेळ घेतं. मोजलं: ३ मिलिसेकंद. दोन सारखे सिग्नल ३ मिलिसेकंदांच्या फरकाने मिसळले की १६७ हर्ट्झला एक वर जाताना दुसरा खाली येतो आणि दोघं एकमेकांना खातात. डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या ईचा दुसरा स्वरक १६५. सूर ओळखायला लागणारा नेमका भाग.

उपाय सोपा: मिक्सरवर डीआयच्या चॅनेलला ३ मिलिसेकंद डिले. बारीक जुळणी अशी केली: माइकची पोलॅरिटी मुद्दाम उलटी ठेवायची, दोन्ही फेडर सारखे, आणि डिले फिरवत आवाज सगळ्यात पातळ कुठे होतो ते शोधायचं. तिथे थांबून पोलॅरिटी सरळ करायची. पातळपणा जितका पक्का, तितकी नंतरची जोड भरीव. माइकला १०० हर्ट्झवर लो-कट दिला, तळ एकट्या डीआयकडे.

पेडल काढून टाकता आलं असतं, हेही खरं. पण त्याचा ओव्हरड्राइव्ह मला हवा आहे: किंचित विस्कटलेला आवाज वरचे स्वरक तयार करतो, आणि २७ तारखेच्या प्रयोगानंतर त्यांची किंमत कळली आहे.

१३ फेब्रुवारी

कॉम्प्रेसर, म्हणजे जोराचे सूर आपोआप दाबणारी सोय. गुणोत्तर ४ला १, मीटरवर ४-५ डीबी कपात. रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, आधी ४० मिलिसेकंद ठेवला होता आणि खालच्या सुरांवर बारीक चरचर येत होती. खुल्या ईचं एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचं. रिलीज इतका जलद असला की कॉम्प्रेसर सुराच्या जोरामागे न जाता लाटेच्या आकारामागेच धावतो आणि तिला वाकवतो. रिलीज १५० केला, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३०, म्हणजे बोटाचा पहिला ठोका सुटून जातो. चरचर गेली.

१७ फेब्रुवारी

स्टेजवरचा ॲम्प. मला स्वतःला बेस ऐकू येत नाही म्हणून मी ॲम्प वाढवतो, आणि तो वाढलेला आवाज माइकमधून, स्टेजच्या लाकडातून, मागच्या भिंतीवरून फिरून हॉलमध्ये जातो. दादांनी आज मेन साउंडचा माझा फेडर पूर्ण खाली केला आणि मला खाली बोलावलं. ड्रमरने माझा बेस वाजवला. समोरच्या चार रांगांत बेस तसाच! त्यावर त्यांचं काहीच नियंत्रण नाही.

ॲम्प जमिनीवर, माझ्या गुडघ्यांकडे तोंड करून होता. वरच्या वारंवारता सरळ रेषेत जातात, त्या माझ्या पोटऱ्यांना ऐकू येत होत्या. ॲम्प खुर्चीवर ठेवून तिरका कानाकडे वळवला, आणि मागच्या पातळीच्या निम्म्याहून कमीवर सूर स्पष्ट. गायिकेच्या आणि कोरसच्या माइकना १२० हर्ट्झचा लो-कट. नुसत्या या दोन गोष्टींनी हॉल निवळला.

पूर्वी बेसचा सगळा भार ॲम्पवरच असे, साउंड फक्त गाणाऱ्यांसाठी. १९६९ साली आलेला ॲम्पेग कंपनीचा एसव्हीटी ॲम्प ३०० वॅटचा होता तो याच कारणाने. १९७४ साली ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने तर स्टेजवरचा आणि प्रेक्षकांचा आवाज एकच केला: स्पीकरची प्रचंड भिंत बँडच्या मागे, आणि त्यांचा बेसवादक फिल लेशच्या बेसच्या प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळ्या वाटेने पाठवायची सोय. चार तारा चार जागांहून! ते ऐकायला मिळालं असतं तर मी काहीही केलं असतं.

२४ फेब्रुवारी

मोकळ्या मैदानावर कार्यक्रम. भिंती नाहीत, उभ्या लाटा नाहीत, १९ तारखेचं गणित इथे कामाचं नाही. इथे वेगळीच अडचण होती. सब स्टेजच्या दोन टोकांना, मध्ये दहा मीटर. मधल्या रेषेवर दोघांचा आवाज एकदम पोचतो आणि बेस दुप्पट होतो. बाजूला सरकलं की एकाची वाट लांब होते, आणि फरक अर्ध्या लाटेएवढा झाला की पोकळी. ५७ हर्ट्झला ती अर्धी लाट तीन मीटरची. सब मधोमध स्टेजला लागून एकत्र ठेवायची विनंती केली. तिथल्या तंत्रज्ञाने दहा मिनिटांत करून दिलं. आम्ही चौघांनी मिळून ओढले. डावीकडून उजवीकडे चाललो, बेस हलला नाही.

२ मार्च

त्याच हॉलमध्ये कार्यक्रम, गर्दी भरलेली. माणसांची अंगं आणि कपडे वरचा आवाज शोषतात, खालचा जवळजवळ नाही. साउंडचेकला छान वाटलेला बेस पहिल्या गाण्यात जड झाला. दादांनी न विचारता सब २ डीबी खाली आणि ८०० अजून १ डीबी वर घेतलं.

शेवटच्या रांगेतून रेकॉर्डिंग पुन्हा केलं. कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राला, जो त्या दिवशी आला नव्हता, ते ऐकवलं आणि उतरणीचे सूर लिहायला सांगितले. पाच बरोबर. सहावा, ए शार्प, त्याने कान टवकारून ऐकला आणि म्हणाला, “इथे काहीतरी मोठं वाजतंय, पण काय ते नाही सांगता येत.”

मागची भिंत. शेवटची रांग तिला टेकूनच आहे, आणि भिंतीशी दाब नेहमी सगळ्यात जास्त. ५७ हर्ट्झची ती लाट भिंतीपासून दीड मीटरवर शून्य होते. तिथे खुर्च्या ठेवल्या तर ए शार्प नाहीसाच होईल, म्हणून त्याच्या अर्ध्यावर, पाऊण मीटरवर. दादांना विचारलंय. शनिवारी खुर्च्या सरकवू आणि पट्टी पुन्हा लावू.